येमेनमध्ये नेमकं कोण कोणाशी लढतंय? पगार, बंदर आणि नोटांच्या मागावर

२०२४ च्या द्राक्ष हंगामात नाशिकच्या निर्यातदारांची झोप उडाली ती अवकाळी पावसामुळे नव्हे. न्हावा-शेवाहून युरोपला निघालेली जहाजं लाल समुद्र आणि सुएझ कालवा सोडून थेट आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी वाढला, कंटेनरचं भाडं कुठल्या कुठे गेलं, आणि नाशवंत माल तसाच समुद्रावर. कारण? येमेन नावाच्या देशातले हुथी बंडखोर जहाजांवर क्षेपणास्त्रं डागत होते.

येमेनची बातमी गेली दहा-पंधरा वर्षं आपल्याकडे तुकड्या-तुकड्यांनी येते. कधी ड्रोन हल्ला, कधी दुष्काळ, कधी अल-कायदा, कधी सौदीची विमानं, कधी 'दक्षिणेतले फुटीरवादी'. प्रत्येक तुकडा खरा असतो, पण एकमेकांना जोडता येत नाही. मग आपण 'शिया-सुन्नी भांडण' अशी चिठ्ठी चिकटवून पान उलटतो. या चिठ्ठीवर माझा जुना राग आहे, त्यामुळे तिच्याकडे येईनच. पण आधी जमीन पाहू.

एक नव्हे, दोन येमेन

नकाशात अरबस्तानचा खालचा डावा कोपरा म्हणजे येमेन. वरती सौदी अरेबिया, उजवीकडे ओमान, डावीकडे लाल समुद्र, खाली एडनचं आखात. कोपऱ्यावर बाब अल-मंदेब ही सामुद्रधुनी. तिची रुंदी साधारण ३० किलोमीटर. आशियातून सुएझला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला या फटीतून जावं लागतं. येमेनचं दुर्दैव आणि महत्त्व, दोन्ही तिथेच आहेत.

पश्चिमेला उंच डोंगर. राजधानी सना समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास. लोकवस्ती इथेच दाट. पूर्वेकडे हदरमौतचं विस्तीर्ण वाळवंट आणि खोरी, तिथे माणसं कमी आणि तेल जास्त.

आज जो एक देश दिसतो तो १९९० पर्यंत दोन देश होता. उत्तरेत शतकानुशतकं इमामांची सत्ता होती. इमाम म्हणजे इथे राजा आणि धर्मगुरू एकाच माणसात. ती सत्ता २६ सप्टेंबर १९६२ ला लष्करी उठावानं गेली. मग आठ वर्षं यादवी चालली. प्रजासत्ताकाच्या बाजूनं इजिप्तच्या नासरचं सैन्य लढलं, इमामाच्या बाजूनं सौदीचा पैसा.

दक्षिणेची गोष्ट वेगळीच, आणि तिचा एक धागा आपल्याकडे येतो. १८३९ साली इंग्रजांनी एडन बंदर घेतलं आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे दिला. तो १९३२ पर्यंत मुंबईकडेच होता. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्याची शिक्षा म्हणून एडनला पाठवलं ते म्हणूनच. तिथल्या तुरुंगातून ते एकदा निसटले, पकडले गेले आणि १८८३ साली तिथेच गेले. एडनमध्ये कोळसा भरायला जहाजं थांबायची, पुढे तेल भरायला. १९५० च्या दशकात ते जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं. इंग्रज १९६७ मध्ये गेले आणि दक्षिणेत अरब जगातलं एकमेव मार्क्सवादी राज्य उभं राहिलं, सोव्हिएत रशियाच्या आधारानं.

म्हणजे उत्तर टोळ्यांची आणि शेखांची, दक्षिण पक्षाच्या केडरची. २२ मे १९९० ला दोन्ही एक झाले. सोव्हिएत मदत आटली होती आणि दोन्हीकडे तेलाची आशा होती. उत्तरेचे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह एकत्रित देशाचेही अध्यक्ष झाले. त्याच वर्षी इराकनं कुवेत घेतलं, येमेननं सौदीची बाजू घेतली नाही, आणि सौदीनं लाखो येमेनी मजुरांना परत धाडलं. घरोघरी येणाऱ्या मनीऑर्डरी एका हंगामात बंद. नव्या देशाची सुरुवात अशी रिकाम्या खिशानं झाली.

१९९४ मध्ये दक्षिणेनं वेगळं व्हायचा प्रयत्न केला. सालेहनी तो चिरडला आणि दक्षिणेच्या हजारो लष्करी अधिकाऱ्यांना, नोकरदारांना घरी बसवलं. २००७ मध्ये हेच लोक रस्त्यावर उतरले. त्यांची पहिली मागणी स्वतंत्र देशाची नव्हती, ती नोकरी आणि पेन्शनची होती. दाद लागली नाही तेव्हा तिचं स्वातंत्र्याच्या घोषणेत रूपांतर झालं. आज ज्यांना बातम्या 'दक्षिणेतले फुटीरवादी' म्हणतात त्यांचं मूळ हे आहे. येमेनमधल्या जवळजवळ प्रत्येक उठावाच्या तळाशी कोणाचा तरी थांबलेला पगार सापडतो.

हुथी कोण?

उत्तरेच्या डोंगरात झैदी पंथाचे लोक राहतात. झैदी ही शिया इस्लामची एक जुनी शाखा. इराणमधल्या शियांपेक्षा बरीच वेगळी आणि रोजच्या धर्माचरणात सुन्नींच्या जवळची. येमेनच्या लोकसंख्येत झैदी साधारण एक तृतीयांश आहेत, बाकीचे सुन्नी. १९६२ पर्यंतचे इमाम झैदीच.

प्रजासत्ताक आल्यावर झैदींचा बालेकिल्ला असलेला सअदा जिल्हा मागे पडला. सौदीच्या सीमेला लागून, पण रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत. त्यात सौदी वळणाचे सुन्नी धर्मप्रचारक तिथे मदरसे काढायला लागले. याला प्रतिक्रिया म्हणून १९९० च्या दशकात झैदी तरुणांची शिबिरं सुरू झाली. त्यात पुढे आले हुसेन अल-हुथी. हे एकेकाळचे खासदार. २००३ मध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला तेव्हा त्यांचे अनुयायी सनाच्या मशिदींत अमेरिका आणि इस्रायलच्या मरणाच्या घोषणा देऊ लागले, ज्यूंना शाप देऊ लागले. ती घोषणा आजही त्यांच्या झेंड्यावर आहे, आणि ती जशी ऐकू येते तशीच आहे. तिला उगाच मवाळ करून सांगण्यात अर्थ नाही.

सालेह तेव्हा अमेरिकेचे मित्र होते. २००४ मध्ये त्यांनी सअदात सैन्य पाठवलं. त्याच सप्टेंबरात हुसेन मारले गेले. बंड संपेल असं वाटलं होतं, पण २०१० पर्यंत एकामागून एक सहा युद्धं झाली. गावं बेचिराख झाली, आणि प्रत्येक युद्धानंतर हुथींकडे माणसं वाढली. ज्याचं घर पडलं तो जवळच्या बंदूकवाल्याकडे गेला, मग त्याला त्यांची घोषणा पटो न पटो. हुसेनचे धाकटे भाऊ अब्दुल मलिक आज नेते आहेत. संघटनेचं अधिकृत नाव 'अन्सार अल्लाह', पण जग त्यांना घराण्याच्या नावानं ओळखतं.

"म्हणजे शेवटी शिया-सुन्नीच ना?"

आता त्या चिठ्ठीकडे. हुथींवर सहा युद्धं लादणारे सालेह स्वतः जन्मानं झैदी होते. १९६० च्या दशकात झैदी इमामाला पैसा आणि शस्त्रं देणारा सौदी अरेबिया सुन्नी होता. २०१४ मध्ये हेच सालेह सत्ता परत मिळवण्यासाठी आपल्या शत्रूंशी, म्हणजे हुथींशी, हातमिळवणी करून बसले. आणि २०१९ मध्ये एडनच्या रस्त्यांवर जी लढाई झाली तिच्यात दोन्हीकडे सुन्नीच होते, एक बाजू सौदीची, दुसरी संयुक्त अरब अमिरातीची.

धर्म यात नाही असं नाही. हुथी आपल्या ताब्यातल्या शाळांत स्वतःचा अभ्यासक्रम शिकवतात, पैगंबरांच्या वंशजांना विशेष मान आणि वाटा देतात. बाहेरचे देशही पंथाच्या नावानं लोक गोळा करतात. पण भांडण कशावरून पेटतं हे पाहायचं तर पंथाचा फारसा उपयोग होत नाही. तो पेटल्यावर लाकूड म्हणून कामाला येतो.

२०११ चा वसंत आणि त्यानंतरची घसरण

ट्युनिशिया आणि इजिप्तच्या पाठोपाठ २०११ च्या सुरुवातीला सनाच्या विद्यापीठासमोर तरुणांनी तंबू ठोकले. १८ मार्चला छपरांवरून झालेल्या गोळीबारात पन्नासच्या आसपास निदर्शक मारले गेले. या चळवळीतल्या तवक्कुल कारमान यांना त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. सालेह स्फोटात होरपळले, वाचले, आणि नोव्हेंबरमध्ये रियाधमध्ये सही करून पायउतार झाले. सहीच्या बदल्यात त्यांना खटल्यांपासून अभय मिळालं, आणि ते सनातच राहिले. त्यांच्या मर्जीतल्या पलटणीही बऱ्याच तशाच राहिल्या. जगानं 'शांततेत सत्तांतर' म्हणून टाळ्या वाजवल्या. मला ती त्या दशकातली सर्वांत महागडी तडजोड वाटते.

उपाध्यक्ष अब्द रब्बू मन्सूर हादी एकट्याच्या उमेदवारीनं निवडून आले. दहा महिने राष्ट्रीय संवाद परिषद चालली आणि देशाचे सहा प्रांत करायचं ठरलं. नकाशात सअदाला ना समुद्र मिळाला ना तेल. हुथींनी तो झुगारला. जुलै २०१४ मध्ये सरकारनं इंधनावरचं अनुदान काढलं, पेट्रोल-डिझेल भडकलं. हुथींना आयतीच संधी मिळाली. महागाईविरोधी मोर्चे म्हणून ते सनाच्या वेशीपर्यंत आले, आणि २१ सप्टेंबरला राजधानी त्यांच्या ताब्यात होती. सालेहच्या पलटणींनी बोट उचललं नाही.

हादी नजरकैदेत गेले, एडनला पळाले, हुथी तिकडेही पोचले. २६ मार्च २०१५ ला सौदीच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. काही आठवड्यांत संपेल असं सांगितलं होतं. सालेहचं पुढे काय झालं? २०१७ च्या अखेरीस त्यांनी पुन्हा बाजू बदलायचा प्रयत्न केला आणि ४ डिसेंबरला हुथींनीच त्यांना मारलं. येमेनवर राज्य करणं म्हणजे सापांच्या डोक्यांवर नाचणं, असं ते म्हणायचे.

मग अल-कायदा कुठे बसते यात?

बातम्यांत इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. अल-कायदा आणि हुथी एक नाहीत. ते एकमेकांचे हाडवैरी आहेत.

येमेनमध्ये अल-कायदाची मुळं अफगाणिस्तानातून परतलेल्या लढवय्यांपाशी जातात. १९९४ च्या युद्धात सालेहनी त्यांचा दक्षिणेच्या 'नास्तिक' समाजवाद्यांविरुद्ध उपयोग करून घेतला. ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरात अमेरिकेच्या 'कोल' या युद्धनौकेवर आत्मघाती हल्ला झाला, १७ खलाशी मेले. २००६ मध्ये सनाच्या तुरुंगातून २३ कैदी बोगदा खणून पळाले. त्यातल्याच नासिर अल-वुहैशी यांनी २००९ मध्ये सौदी आणि येमेनी शाखा एकत्र करून 'अरबी द्वीपकल्पातली अल-कायदा' उभी केली. अमेरिकेला काही वर्षं सगळ्यांत जास्त भीती या शाखेची होती, कारण ती विमानात लपवता येतील असे बॉम्ब बनवत होती.

पण या संघटनेचं सर्वांत शिकवणारं प्रकरण मुकल्लाचं आहे. एप्रिल २०१५ मध्ये सगळ्यांचं लक्ष हुथींकडे असताना अल-कायदानं हदरमौतची राजधानी मुकल्ला जवळपास न लढता घेतली. (हदरमौत हे नाव परकं वाटत असेल, तर मराठवाड्यातल्या चाऊस आडनावाच्या लोकांना विचारा. त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत शिपाई म्हणून तिथूनच आले होते.) त्यांनी मध्यवर्ती बँकेच्या शाखेची तिजोरी रिकामी केली, बंदरावर येणाऱ्या इंधनावर कर बसवला, आणि कारभार स्थानिक प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे सोपवला. त्या वर्षभरात ही जगातली सर्वांत श्रीमंत जिहादी टोळ्यांपैकी एक झाली. एप्रिल २०१६ मध्ये अमिरातीच्या पाठबळावर स्थानिक फौजेनं शहर परत घेतलं.

आज ही शाखा खूपच अशक्त आहे. ड्रोन हल्ल्यांत बहुतेक जुने नेते गेले. पण अब्यन, शबवा, बैदाच्या डोंगरात ती आहे, आणि जिथे दोन मोठ्या गटांची हद्द अस्पष्ट असते तिथे ती पुन्हा डोकं काढते.

सातबारा एकाचा, कसतो दुसरा

एका शेताचा सातबारा थोरल्याच्या नावावर आहे, पण तो गाव सोडून शहरात बसलाय. जमीन कसतोय धाकटा, विहिरीवर पंप तिसऱ्याचा, आणि बांधावरचा रस्ता चौथ्यानं अडवलाय. तलाठ्याकडे विचाराल तर मालक एकच. येमेनचं आज नेमकं तसं आहे.

सातबारा ज्यांच्या नावावर ते आंतरराष्ट्रीय मान्यतेचं सरकार. २०२२ च्या एप्रिलमध्ये हादींना बाजूला करून आठ जणांची अध्यक्षीय परिषद नेमली गेली, रशाद अल-अलिमी तिचे प्रमुख. संयुक्त राष्ट्रांत येमेनच्या खुर्चीवर हे बसतात, पण बराच काळ त्यांचा मुक्काम रियाधमध्येच असतो.

प्रत्यक्ष कसणारे हुथी. जमीन म्हणाल तर देशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण लोकसंख्येचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांच्याकडे. सना त्यांचं, आणि होदेइदा बंदरही त्यांचं. येमेन आपल्या गव्हाचा जवळपास सगळा साठा बाहेरून आणतो, आणि उत्तरेत येणारं बहुतेक अन्न होदेइदातून येतं. २०१८ मध्ये हे बंदर परत घ्यायला अमिरातीच्या पाठबळाच्या फौजा वेशीपर्यंत पोचल्या होत्या. उपासमारीच्या भीतीनं स्टॉकहोममध्ये समझोता झाला आणि बंदर हुथींकडे राहिलं.

दक्षिणेत २०१७ मध्ये ऐदरूस अल-झुबैदींची दक्षिणी संक्रमणकालीन परिषद उभी राहिली. तिला अमिरातीचं बळ होतं. ती कागदोपत्री सरकारात भागीदार होती, तिचं स्वप्न मात्र १९९० पूर्वीचा दक्षिण येमेन. २०१९ मध्ये तिनं सरकारलाच एडनमधून हुसकलं. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या फौजा हदरमौतमध्ये घुसल्या, तेव्हा सौदीनं मुकल्ला बंदरावर बॉम्ब टाकले आणि अमिरातीला आपले उरलेले सैनिक मागे घ्यावे लागले. दोन मित्रदेश उघडपणे समोरासमोर आले ते तिसऱ्याच्या तेलासाठी आणि किनाऱ्यासाठी.

आता नोटांची गोष्ट, कारण येमेनचं युद्ध मला सर्वांत स्पष्ट तिथे दिसतं. सप्टेंबर २०१६ मध्ये हादींनी मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली. हेतू हुथींची नाडी आवळायचा. झालं असं की देशात दोन मध्यवर्ती बँका झाल्या. सरकारी नोकर बारा लाखांच्या आसपास. त्यांतल्या उत्तरेत राहणाऱ्यांचे पगार थांबले ते आजवर नीट सुरू झालेले नाहीत. शिक्षक, नर्स, टपाल खात्यातले लोक वर्षानुवर्षं अधूनमधून अर्धा पगार घेत काम करतात किंवा सोडून देतात. कॉलऱ्याची साथ पसरली त्यात सफाई कामगारांचे थकलेले पगार हेही एक कारण होतं. आधुनिक काळातली नोंदवलेली ही सर्वांत मोठी कॉलरा साथ. काही वर्षांत संशयित रुग्णांची संख्या २५ लाखांच्या वर गेली.

एडनच्या बँकेनं खर्च भागवायला रशियात नव्या नोटा छापून घेतल्या. हुथींनी २०१९ च्या अखेरीस त्या आपल्या भागात बेकायदा ठरवल्या. मग एकाच देशात दोन रियाल झाले. युद्धाआधी डॉलरला २१५ रियाल मिळायचे. आता सनात जुन्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटांत साधारण ५३०. एडनमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात हाच भाव २५०० च्या वर गेला होता. सनातल्या नोटा इतक्या विरल्या की हुथींना २०२४ मध्ये १०० रियालचं नाणं पाडावं लागलं. एडनमध्ये कमावणाऱ्यानं सनातल्या आईला पैसे पाठवले तर निम्म्याहून जास्त रक्कम वाटेतच विरते.

याच प्रकरणानं २०२४ मध्ये युद्ध पुन्हा पेटायच्या बेतात होतं. एडनच्या बँकेनं फर्मान काढलं की सगळ्या व्यापारी बँकांनी मुख्यालयं सनाहून एडनला आणावीत. हुथींनी थेट सौदीला धमकी दिली. जुलैमध्ये सौदीच्या दबावाखाली एडनला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे ही बातमी दोन ओळींत आटोपली.

"हुथी म्हणजे इराणच्या हातातलं बाहुलं नाही का?"

इराणकडून शस्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षक आणि पैसा येतो. समुद्रात पकडलेल्या मालाचे पुरावे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार मांडले आहेत. ते नाकारणारे डोळ्यांवर कातडं ओढून बसलेत. पण बाहुलं म्हणायला अडचण आहे. हुथींच्या शस्त्रांचा पहिला मोठा साठा इराणकडून आलेला नव्हता, तो २०१४-१५ मध्ये सालेहच्या लष्कराच्या गोदामांतून मिळाला, क्षेपणास्त्रांसकट. मार्च २०२३ मध्ये सौदी आणि इराणनं चीनच्या मध्यस्थीनं संबंध सुधारले, तरी येमेनचा प्रश्न सुटला नाही. इराणची गरज हुथींना आहे, पण त्यांचा हिशेब सअदा आणि सनाचा आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझाच्या युद्धानंतर त्यांनी 'गॅलक्सी लीडर' हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून पकडलं आणि मग जहाजांवर हल्ले सुरू केले. गाझाबद्दलचा राग खरा असेलही. पण त्याआधी त्यांच्या भागात पगारासाठी शिक्षकांचे संप वाढत होते, हेही खरं. इस्रायलशी लढणाऱ्याला घरात पगार मागणं अवघड जातं. २०२४ पासून त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे आणि मदतसंस्थांचे डझनावारी स्थानिक कर्मचारी हेरगिरीच्या आरोपाखाली डांबलेत. हे 'प्रतिकार करणाऱ्या' गटाचं लक्षण नाही, घाबरलेल्या सत्तेचं आहे.

"इतके बॉम्ब टाकूनही संपत का नाहीत?"

सौदीनं सात वर्षं टाकले. ऑक्टोबर २०१६ मध्ये सनातल्या एका मयताच्या बैठकीवर पडलेल्या बॉम्बनं शंभराहून जास्त माणसं मारली.  जानेवारी २०२४ पासून अमेरिका आणि ब्रिटननं हल्ले केले. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनानं १५ मार्चपासून सात आठवडे रोज हल्ले केले आणि मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीनं थांबवले. जुलैमध्ये हुथींनी 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं बुडवली. ऑगस्टमध्ये इस्रायलनं सनात हुथी सरकारचे पंतप्रधान अहमद अल-रहावी आणि अनेक मंत्री मारले. सत्ता मात्र हलली नाही, कारण निर्णय मंत्री घेत नव्हतेच.

डोंगरात लपवलेला, काही हजार डॉलरचा ड्रोन पाडायला लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र लागतं. बॉम्बनं लाँचर जातो, पण ताब्यातल्या भागावरचा कर, जकात, बंदराची वसुली आणि तरुणाला दुसरं काम नसणं, हे जात नाही. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धानं ३ लाख ७७ हजार बळी घेतले, त्यातले सुमारे ६० टक्के भूक, आजार आणि उपचारांअभावी. गोळीनं कमी, बंद पडलेल्या दवाखान्यानं जास्त.

आपल्याला त्याचं काय?

द्राक्षांचं वर आलंच. जहाजांवर काम करणारे भारतीय खलाशी हा दुसरा धागा. जानेवारी २०२४ मध्ये 'मार्लिन लुआंडा' या टँकरला एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा जहाजावर २२ भारतीय होते. आपल्या नौदलाची विशाखापट्टणम ही विनाशिका मदतीला धावली. त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये 'ऑपरेशन राहत' खाली ४६०० हून अधिक भारतीय आणि ९०० हून अधिक परदेशी नागरिकांना बाहेर काढलं गेलं. एडनहून माणसं आणणाऱ्या नौकांत आयएनएस मुंबई होती. तेव्हा येमेनमधल्या भारतीयांत केरळच्या नर्सेस बऱ्याच होत्या. त्यातल्या काही नंतर पुन्हा गेल्या, घरचं कर्ज डोक्यावर होतं म्हणून.

पुढची बातमी आली की काय बघायचं?

कोणी कोणावर हल्ला केला हे मथळ्यात असेलच. त्याच्या खाली तीन गोष्टी शोधा. होदेइदा बंदरात जहाजं लागतायत का. मारिबच्या आघाडीवर हालचाल आहे का. उत्तरेत सरकारकडे उरलेला तेल-वायूचा हा शेवटचा मोठा भाग, आणि तिथे लाखो निर्वासित आहेत. आणि एडनमध्ये डॉलरचा भाव किती. डॉलर महागला, म्हणजे रियाल घसरला, की काही आठवड्यांत तिथे वीज जाते आणि रस्त्यावर टायर जळतात, मग त्या गर्दीला कोणता गट आपला झेंडा देतो एवढंच बाकी राहतं. सरकारच्या हाती तेलाचे पैसे नाहीत, कारण ऑक्टोबर २०२२ मध्ये हुथींनी दक्षिणेतल्या निर्यात बंदरांवर ड्रोन सोडले आणि तेव्हापासून टँकर येत नाहीत. एडनची पगाराची तिजोरी त्यामुळे सौदीच्या मदतीवर चालते.

"मग तोडगा निघेल का?" हा प्रश्न हमखास येतो. छोटे तोडगे निघतात. ताइझ शहराचा मुख्य रस्ता नऊ वर्षं बंद होता, काही मिनिटांच्या अंतरासाठी लोक डोंगरातून पाच-सहा तास फिरून जात. तो जून २०२४ मध्ये उघडला, परदेशी मध्यस्थांपेक्षा स्थानिक मंडळींच्या खटपटीनं. मोठा तोडगा एप्रिल २०२२ मध्ये हाताशी आला होता. देशव्यापी युद्धविराम झाला, सनाहून प्रवासी विमान उडालं, होदेइदात इंधन आलं. २ ऑक्टोबरला त्याची मुदत वाढवायची होती. सरकार शिक्षक-डॉक्टरांचे पगार द्यायला राजी होतं. हुथी म्हणाले, आमच्या सैनिकांचे आणि पोलिसांचेही द्या. सरकारनं विचारलं, आमच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना आम्हीच पगार द्यायचा? कागदावरचा युद्धविराम तिथे संपला. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत हान्स ग्रुंडबर्ग यांनी जो आराखडा जाहीर केला त्यातही पहिल्या मुद्द्यांत पगार आहेत. कोणाच्या यादीप्रमाणे आणि कुठल्या बँकेतून द्यायचे, हे अजून ठरायचं आहे.